अब्बांचा गुण्या

मी उर्दू माध्यमाच्या एका शाळेत गणित शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षणही उर्दू माध्यमातच झाले. बी.एड. झाल्यावर, ज्या शहरात मी लहानाचा मोठा झालो, त्याच शहरात शिक्षक म्हणून लागलो. आमचे शहर अहिल्यानगर. २०२४ सालापर्यंत त्याचे नाव अहमदनगर होते. बोलताना मात्र आम्ही त्याला नुसते 'नगर' म्हणतो.

माझे अब्बा फरशी बसवणारे मिस्त्री. ते शाळेत चौथीपर्यंतच शिकले. मी शिक्षक झालो याचा त्यांना फार अभिमान. घरी कोणी पाहुणा आला, की ते सांगत, "आमचा मुलगा भूमिती शिकवतो." ते ऐकून मलाही बरे वाटे. पण भूमितीतली एक साधी गोष्ट मला अब्बांकडूनच पुन्हा शिकावी लागली. ती कशी, हे मी आज सांगणार आहे.

ही हकिकत २०१८ सालची. मला नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. आठवीच्या वर्गाला मी बहुभुजाकृती शिकवत होतो. उर्दूत बहुभुजाकृतीला 'कसीरुल अजला' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. 'कसीर' म्हणजे पुष्कळ आणि 'अजला' हे 'जिला' या शब्दाचे अनेकवचन. जिला म्हणजे आकृतीची बाजू. पण जिला या शब्दाचा दुसरा अर्थ जिल्हा असाही आहे. मराठीतला 'जिल्हा' हा शब्द त्यातूनच आला.

एके दिवशी मधल्या सुटीत आमचे मराठीचे सर हसत हसत शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांच्या हातात एका मुलाची वही होती. गणितातली पाच वाक्ये मराठीत लिहा, असे त्यांनी मुलांना सांगितले होते. त्या मुलाने लिहिले होते, 'त्रिकोणाला तीन जिल्हे असतात.' आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण हसू ओसरल्यावर मला वाटले, की यात मुलाची काय चूक? त्याने शब्द तर बरोबरच ओळखला होता. फक्त त्याचा कोणता अर्थ कुठे लागतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला उर्दू नावे लिहिली आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मुसल्लस म्हणजे त्रिकोण. मुस्ततील म्हणजे आयत. मुखम्मस म्हणजे पंचकोन, मुसद्दस म्हणजे षटकोन आणि मुसम्मन म्हणजे अष्टकोन. अरबीत 'खम्स' म्हणजे पाच, म्हणून पाच बाजूंचा तो मुखम्मस. उर्दू कवितेतही मुखम्मस आणि मुसद्दस आहेत. ज्या कवितेच्या प्रत्येक कडव्यात पाच ओळी, ती मुखम्मस आणि सहा ओळी, ती मुसद्दस. मौलाना हाली यांची १८७९ सालची 'मुसद्दस' मुलांना ऐकून माहीत होती. मी म्हटले, "कवितेत ओळी मोजायच्या, भूमितीत बाजू मोजायच्या. नावात आकडा लपलेलाच आहे."

मग मी चौरस काढून त्याखाली 'मुरब्बा' असे लिहिले. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, आवळ्याचा की कैरीचा?" सारा वर्ग हसला. मीही हसलो.

'बाजू' या शब्दाचीही मुलांना गंमत वाटली. उर्दूत बाजू म्हणजे दंड, हात. 'बहुभुजाकृती' या शब्दातल्या 'भुज'चा अर्थही हातच. 'जिला'चा मूळ अरबी अर्थ मात्र बरगडी. म्हणजे आकृतीच्या सरळ रेघेला कोणी हात म्हटले, तर कोणी बरगडी. मी पाच मुलांना पुढे बोलावले आणि एकमेकांचे हात धरून गोल उभे राहायला सांगितले. प्रत्येक मूल म्हणजे एक शिरोबिंदू आणि दोघांचे ताणलेले हात म्हणजे एक बाजू. असा आमचा पंचकोन तयार झाला. मग मी एकाला हात सोडायला सांगितले. "आता ही बहुभुजाकृती आहे का?" मुले ओरडली, "नाही सर, दार उघडे राहिले!"

अशा रीतीने बहुभुजाकृती ओळखण्याचे नियम मुलांनीच शोधले. आकृती बंद हवी. तिच्या सर्व बाजू सरळ हव्यात. एकही वळणदार बाजू चालत नाही. बाजूंनी एकमेकींना मध्येच छेदू नये. या अटी पूर्ण झाल्या, की बाजू मोजायच्या आणि नाव द्यायचे. आकृती लहान असो, मोठी असो, तिरपी असो, एखादा कोपरा आत ढकललेला असो, नाव बाजूंच्या संख्येवरूनच ठरते. त्यानंतर मी चौकोनाचे प्रकार शिकवले. ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन, तो आयत. ज्याच्या चारही बाजू सारख्या आणि चारही कोन काटकोन, तो चौरस.

हे सारे मी स्वतःच शिकवले होते. तरीही माझ्याकडून चूक झाली.

पुढच्या आठवड्यात मी वीस गुणांची चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न होता, 'खालील आकृत्यांपैकी जे आयत असतील, त्या सर्वांवर खूण करा.' पाच आकृत्या काढल्या होत्या. त्यांत दोन लांबट आयत होते, एक चौरस होता, एक कललेला समांतरभुज चौकोन होता आणि एक समलंब चौकोन होता. माझ्या मते उत्तर दोन आकृत्या, एवढेच होते. रात्री मी भराभर पेपर तपासत होतो. वर्गात खिडकीजवळ एक मुलगी बसत असे. तिचे नाव मी इथे सांगत नाही. तिने दोन आयतांबरोबर चौरसावरही खूण केली होती. मी त्यावर लाल फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला.

पेपर वाटले तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "सर, चौरसाचेही चारही कोन काटकोनच असतात ना?"

तिच्यामागे दहा-बारा मुले आपापले पेपर घेऊन उभी होती. तास संपत आला होता. मी तिच्याकडे न पाहताच म्हणालो, "चौरस तो चौरस आणि आयत तो आयत. दोघांची नावेच वेगळी आहेत. एवढे साधे तुला कळत नाही?"

मुले हसली. ती पेपर घेऊन जागेवर गेली. मला त्या वेळी त्यात विशेष काहीच वाटले नाही.

काही दिवसांनी मी मुलांना घरून बहुभुजाकृती शोधून आणायला सांगितल्या. वर्गात जणू बाजारच भरला. कोणी पतंग आणला, कोणी लग्नपत्रिकेचे पाकीट आणले. एकाने फुटबॉल आणला. त्यावर काळे पंचकोन आणि पांढरे षटकोन होते. आम्ही ते मोजले. पंचकोन १२ भरले आणि षटकोन २०. एकाने रस्त्यावरच्या लाल 'थांबा' फलकाचे चित्र काढून आणले होते. तो अष्टकोनी असतो. पण सर्वांत जास्त आली ती नाणी. आजी-आजोबांच्या डब्यांतून जुने वीस पैशांचे नाणे निघाले. ते सहा बाजूंचे असते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून गेली, त्यामुळे मुलांना त्याचे फार अप्रूप वाटले. नाण्यांचे कोपरे थोडे गोलसर असतात, म्हणून भूमितीच्या कडक नियमाने त्यांना बहुभुजाकृती म्हणता येणार नाही, हेही एका मुलाने सांगितले. मी त्याला शाबासकी दिली.

खिडकीजवळच्या त्या मुलीची मूठ मात्र मिटलेलीच होती. मी विचारले, "तू काय आणलेस, बेटा?"

तिने मूठ उघडली. तिच्या हातात १९९० च्या दशकातले दोन रुपयांचे जुने नाणे होते. मी म्हटले, "किती बाजू आहेत?"

ती म्हणाली, "माहीत नाही, सर."

शेजारच्या मुलीने तिच्या वहीत डोकावून सांगितले, "सर, हिने अकरा लिहिले आहे."

त्या नाण्याला खरोखरच अकरा बाजू असतात. अख्ख्या वर्गाने आणलेल्या वस्तूंत ती सर्वांत अवघड आकृती होती आणि तिने ती बरोबर मोजली होती. तरी ती म्हणत होती, माहीत नाही. मला थोडे आश्चर्य वाटले, पण तास संपला आणि मी ते विसरून गेलो.

त्याच सुमारास आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरले जात होते. माझ्या यादीत तिचे नाव पहिल्या पाचांत होते. मी तिला बोलावून अर्जाविषयी विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, माझे नाव नका देऊ. मला गणित येत नाही."

"कोण म्हणाले तुला असे?"

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मला जे बरोबर वाटते, तेच चूक निघते."

तिचे ते वाक्य घेऊनच मी घरी गेलो. पण ते कशामुळे आले, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आले नाही. मला वाटले, मुलगी लाजाळू आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अब्बांचे काम आमच्याच गल्लीत चालू होते. अम्मीने दिलेला डबा घेऊन मी तिथे गेलो. एका घराच्या दोन खोल्यांत नवी फरशी बसवायची होती. एका खोलीसाठी चौरस फरश्या होत्या आणि दुसरीसाठी लांबट. माल कालवून तयार होता, पण अब्बांनी अजून एकही फरशी बसवली नव्हती. त्यांनी आधी खोलीच्या समोरासमोरच्या भिंती मोजल्या. मग दोन कोपऱ्यांना दोरी धरून एक कर्ण मोजला, उरलेल्या दोन कोपऱ्यांना धरून दुसरा मोजला. दोन कर्णांत चार बोटांचा फरक आला.

अब्बा मला म्हणाले, "खोली गुण्यात नाही." आम्ही घरी उर्दूत बोलतो, त्यांचे बोलणे मी इथे मराठीत लिहीत आहे.

गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे मिस्त्रीचे हत्यार. लोखंडाच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या असतात. कोपऱ्यात गुण्या लावला आणि दोन्ही पट्ट्या भिंतींना चिकटून बसल्या, की कोपरा काटकोनात आहे असे समजायचे. समोरासमोरच्या भिंती सारख्या असल्या, तरी तेवढ्याने खोली आयत होत नाही. ती कललेली असू शकते. दोन्ही कर्ण सारखे भरले, तरच चारही कोपरे काटकोनात. हे न पाहता फरशी बसवत गेले, तर शेवटच्या ओळीत पाचर येते. म्हणजे फरशीचा तुकडा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद कापावा लागतो.

डबा खाऊन झाल्यावर अब्बा खोक्यातून एकेक फरशी काढून तिच्या कोपऱ्यांना गुण्या लावून पाहू लागले. चारही कोपरे बसले, की ते म्हणत, "ही काटकोनी," आणि फरशी डावीकडे ठेवत. एखादा कोपरा बसला नाही, की फरशी उजवीकडे. चौरस फरश्या आणि लांबट फरश्या, दोन्ही ते डावीकडच्या एकाच रांगेत लावत होते.

मी सहज म्हणालो, "अब्बा, तुम्ही दोन जाती एकत्र करताय. या चौरस आहेत, त्या आयत आहेत."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "गुण्याला कोपऱ्याशी काम. चारही कोपरे बसले, की फरशी काटकोनी झाली. ती लांब आहे की आखूड, हे गुण्या विचारत नाही."

"पण चौरस फरशी वेगळी ना?"

"वेगळी कशी? चौरस फरशी काटकोनीच असते. तिच्यावर फक्त एक अट जास्त. चारही बाजू सारख्या."

असे म्हणून त्यांनी चौरस फरशी उचलली, तिच्या चारही कोपऱ्यांना एकेक करून गुण्या लावून मला दाखवला आणि ती पुन्हा डावीकडच्या रांगेत ठेवली.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे ती लाल फुली आली. 'सर, चौरसाचेही चारही कोन काटकोनच असतात ना?' ती मुलगी हेच तर विचारत होती. तिने व्याख्या वाचली होती, चार कोन तपासले होते आणि मग खूण केली होती. मी मात्र आकृतीचे गुणधर्म न पाहता तिचा तोंडवळा पाहिला. लांबट दिसले की आयत, असे माझ्या मनात लहानपणापासून बसले होते. घरी येऊन मी बी.एड.ची जुनी पुस्तके काढली, आठवीचे पुस्तक काढले. व्याख्या स्पष्ट होती. चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत. बाजू लांबट असाव्यात, असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

त्या रात्री मी चाचणीचे सगळे पेपर पुन्हा काढले. चौरसावर खूण करणारी ती एकटीच नव्हती. आणखी एका मुलाने ती खूण केली होती आणि नंतर रबराने पुसली होती. कागदावर तिचा पुसट डाग राहिला होता. बहुधा त्यालाही बरोबर वाटले होते आणि मग भीती वाटली होती.

खरे सांगायचे, तर मला वर्गात जाऊन चूक कबूल करायची लाज वाटत होती. गुपचूप तिचा एक गुण वाढवावा, असाही विचार मनात आला. सकाळी मी अब्बांना सारे सांगितले. ते म्हणाले, "मी एकदा एका घरात पूर्ण खोलीभर फरशी वाकडी बसवली होती. मालकाला कळलेही नव्हते. पण मी उखडून पुन्हा बसवली. वाकडी फरशी झाकता येते बेटा, पण तिच्यावर रोज कोणीतरी चालणार असते."

मी त्यांच्याकडून गुण्या मागून घेतला आणि पिशवीत घालून शाळेत नेला.

वर्गात गेल्यावर मी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला आणि त्याच पाच आकृत्या काढल्या. मग त्या मुलीला पुढे बोलावून गुण्या तिच्या हातात दिला. म्हणालो, "ज्या आकृतीचे चारही कोन या गुण्यात बसतील, त्या आकृतीखाली 'आयत' असे लिही."

ती घाबरत घाबरत फळ्याशी गेली. तिने पहिल्या लांबट आयताला गुण्या लावला, 'आयत' असे लिहिले. दुसऱ्यालाही तसेच केले. चौरसाचे चारही कोन तपासले आणि माझ्याकडे पाहत थांबली.

"लिही," मी म्हणालो.

तिने लिहिले. मी वर्गाकडे वळलो. "त्या दिवशी हिचे उत्तर बरोबर होते. चूक माझी होती. हिने विचारले, तेव्हाही मी ऐकून घेतले नाही, उलट हिला बोललो. मला माफ कर, बेटा."

वर्ग अगदी शांत झाला. शिक्षकाने असे म्हणावे, याची मुलांना सवय नव्हती. मलाही नव्हती. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "सर, मग नावे दोन कशाला?"

मी त्याला विचारले, "तू कोणत्या जिल्ह्यात राहतोस?"

"नगर जिल्ह्यात."

"मग तू महाराष्ट्रात राहतोस की नाही?"

"राहतो, सर."

"महाराष्ट्रात राहणारा प्रत्येक माणूस नगर जिल्ह्यात राहतो का?"

"नाही, सर."

"तसेच आहे. प्रत्येक चौरस हा आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो. नगरकराला दोन्ही नावे शोभतात."

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे चौरसाला खरेच जिल्हा असतो!" या वेळी खिडकीजवळची मुलगीही हसली. मी तिचा गुण वाढवला. ज्याने खूण पुसली होती, त्या मुलालाही पुढे बोलावून म्हणालो, "मनात आलेले बरोबर उत्तर पुसण्याआधी एकदा गुण्या लावून बघत जा."

दोन-तीन दिवसांनी त्या मुलीने स्वतःहून हात वर केला. किती दिवसांनी! तिने विचारले, "सर, फरशी चार बाजूंची असते, सहा बाजूंचीही असते. मग सारख्या बाजूंची पाचकोनी फरशी का नसते?"

मला लगेच उत्तर द्यायचा मोह झाला. पण मी म्हणालो, "उद्या सांगतो." संध्याकाळी अब्बांना विचारले. ते एका वाक्यात म्हणाले, "कोपरा भरत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्याचा हिशोब केला. बहुभुजाकृतीच्या एका शिरोबिंदूपासून सर्व कर्ण काढले, की तिचे त्रिकोण पडतात. पंचकोनाचे तीन, षटकोनाचे चार, अष्टकोनाचे सहा. प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. म्हणून पंचकोनाच्या कोनांची बेरीज ५४० अंश आणि सर्व कोन सारखे असले, तर एक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती ३६० अंश भरायचे असतात. १०८ चे तीन कोन ठेवले, तर ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथा कोन तिथे मावत नाही. षटकोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून तीन षटकोन अगदी बरोबर बसतात. अष्टकोनाचा कोन १३५ अंशांचा. दोन अष्टकोनांचे २७० अंश झाले, की ९० उरतात. ९० अंश म्हणजे काटकोन! म्हणूनच अष्टकोनी फरश्यांच्या मध्ये छोटी चौरस फरशी बसवलेली असते. मुलांनी कागद कापून हे सारे जुळवून पाहिले. अब्बांचे एक वाक्य आणि आमचे पानभर गणित, दोन्हींचे उत्तर एकच आले.

डिसेंबरात आमची सहल चांदबीबीच्या महालाला गेली. नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका उंच डोंगरावर ही तीन मजली दगडी वास्तू उभी आहे. मी मुलांना म्हणालो, "ही वास्तू कोणत्या बहुभुजाकृतीत बांधली आहे, ते तिच्याभोवती फिरून सांगा."

मुले पळाली. एक गट म्हणाला सात बाजू, दुसरा म्हणाला नऊ. तिसऱ्या गटाला तर किती फेऱ्या झाल्या, हेच आठवेना. सगळे कोपरे सारखेच दिसत होते. एका मुलाने खिशातून खडू काढला. मी त्याला थांबवले. अशा जुन्या वास्तूवर काहीही लिहायचे नसते. तेव्हा त्या मुलीने आपली पाण्याची बाटली एका कोपऱ्याशी जमिनीवर ठेवली आणि एकेक बाजू मोजत चालू लागली. पुन्हा बाटलीशी आली, तेव्हा म्हणाली, "आठ. मुसम्मन." या वेळी तिने माझ्याकडे पाहिले नाही. उत्तर बरोबर आहे की नाही, हे तिला मला विचारायचे नव्हते.

आम्ही सावलीत बसलो. मी एक चौरस कागद घेतला आणि त्याचे चारही कोपरे कापले. चौरसाचा अष्टकोन झाला. चौरसापेक्षा अष्टकोन गोलाच्या अधिक जवळ जातो. वर गोल घुमट बांधायचा, तर कारागिरांना या आकृतीचा फार उपयोग होई. आग्र्याच्या किल्ल्यातल्या अष्टकोनी बुरुजाचे नावच मुसम्मन बुर्ज आहे.

मग मी मुलांना या वास्तूची खरी ओळख सांगितली. लोक हिला चांदबीबीचा महाल म्हणतात. १५९५-९६ साली मुघल सैन्यापासून नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी सर्वांना माहीत आहे, म्हणून तिचे नाव इथे चिकटले असावे. पण हा महाल नाही. ही सलाबतखान यांची कबर आहे. ते निजामशाहीतले मंत्री होते. लांबून पाहणारा ऐकलेले नाव सांगतो. जवळ जाऊन आत पाहणाऱ्याला कबर दिसते.

"सर, म्हणजे याच्यावरही लाल फुली मारायची?" एका मुलाने विचारले.

मी म्हणालो, "आधी जवळ जाऊन बघायचे. मग फुली मारायची."

त्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ती परीक्षेत उत्तीर्ण झाली, पण शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. पेपर कसा गेला, असे विचारल्यावर ती म्हणाली होती, "सर, एक उत्तर तुमच्या पद्धतीने नाही, माझ्या पद्धतीने काढले आहे." मला ते ऐकून शिष्यवृत्तीइतकाच आनंद झाला.

आता अब्बा थकले आहेत. ते काम करत नाहीत. त्यांचा गुण्या आमच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. त्याच्या एका पट्टीवर जुन्या सिमेंटचा डाग आहे. तो मी काढलेला नाही. पेपर तपासायला बसण्यापूर्वी माझी नजर एकदा त्याच्याकडे जाते. आणि एखादे मूल वही घेऊन टेबलाशी येऊन "सर, पण..." असे म्हणाले, की मी हातातला लाल पेन खाली ठेवतो.